सांभाळून घेणे आणि सोय करणे

परतवाड्याहून धारणीकडे निघालेला रस्ता मेळघाटच्या डोंगरात चढतो, वळणे घेतो आणि सिपना नदीच्या काठी सेमाडोहला येऊन पोचतो. १९७४ साली घोषित झालेल्या मेळघाट व्याघ्र प्रकल्पातले हे कोरकूंचे गाव. वनखात्याच्या पर्यटन संकुलामुळे ते शहरातल्यांनाही माहीत आहे. हिवाळा लागला की अमरावती-अकोल्याकडच्या महाविद्यालयांना मेळघाटच्या अभ्याससहलींचे वेध लागतात. वनस्पतिशास्त्राची मुले पानेफुले टिपतात, प्राणिशास्त्राची मुले पाऊलखुणा शोधतात.

अशा एका सहलीचे उदाहरण घेऊ. विभागात एक सहायक प्राध्यापक आहेत. लहानपणी पोलिओ झाल्याने एका पायात कॅलिपर आहे. सहलीचे नियोजन सुरू झाले की सहकारी आपुलकीने म्हणतात, "राहू द्या ना सर, तुम्ही कशाला तरास घेता? आम्ही पाहतो जंगलाचं." सर राहू देतात. पुढच्या वर्षी त्यांना कोणी विचारतही नाही. कोणी वाईट वागलेले नसते, उलट सगळ्यांनी त्यांना सांभाळूनच घेतलेले असते. पण पाचसहा वर्षांनी पदोन्नतीची फाईल तयार होते तेव्हा सहलींचा रकाना कोरा निघतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत शिक्षकाच्या मूल्यमापनात अध्यापनाबरोबरच विद्यार्थ्यांसाठीचे क्षेत्रीय उपक्रम आणि अभ्यासभेटीही धरल्या आहेत. आपुलकीने काढून घेतलेले काम कागदावर 'न केलेले काम' म्हणून उतरते.

मराठीत 'सांभाळून घेणे' हा फार प्रेमळ शब्दप्रयोग आहे. अपंग कर्मचाऱ्याच्या बाबतीत मात्र तो अनेकदा काम हिरावण्याचे दुसरे नाव ठरतो. त्याच्या समोर कायद्याने एक वेगळी कल्पना ठेवली आहे. इंग्रजीत तिला 'रिझनेबल ॲकॉमोडेशन' म्हणतात, आपण तिला 'वाजवी सोय' म्हणू. सांभाळून घेताना माणसाचे काम कमी केले जाते. सोय करताना कामातला अडथळा कमी केला जातो आणि काम माणसाकडेच राहते. विद्यापीठासारख्या ठिकाणी हा फरक कसा दिसतो, ते या लेखात पाहायचे आहे.

माधानचे प्रज्ञाचक्षू

या कल्पनेचे उत्तम उदाहरण वऱ्हाडातच, कायद्याच्या कितीतरी आधीचे आहे. १८८१ साली अमरावती जिल्ह्यातल्या लोणी टाकळीत जन्मलेले आणि माधानचे म्हणून ओळखले जाणारे संत गुलाबराव महाराज. जन्मल्यावर काही महिन्यांतच त्यांची दृष्टी गेली. १९१५ साली, वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. एवढ्या आयुष्यात त्यांच्या नावावर सव्वाशेहून अधिक लहानमोठे ग्रंथ आहेत. वेदान्त, भक्ती, संगीत, आयुर्वेद, पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाची चर्चा, असा त्यांचा विस्तार आहे.

श्रद्धाळू मनाला यात चमत्कार दिसतो, आणि त्यांच्या बुद्धीबद्दल कोणालाच शंका नाही. पण कामाच्या पद्धतीकडे पाहिले तर एक साधी व्यवस्था दिसते. कोणीतरी ग्रंथ वाचून दाखवी, महाराज ऐकत, सांगत, आणि कोणीतरी उतरवून घेई. वाचक आणि लेखनिक. ग्रंथकर्ते महाराजच राहिले. वाचून दाखवणारा त्यांच्या वतीने विचार करत नव्हता आणि लिहून घेणाऱ्याने त्यांना 'राहू द्या' म्हटले नाही. आजच्या भाषेत हीच वाजवी सोय. फरक एवढाच की महाराजांना ती शिष्यांच्या भक्तीतून मिळाली. विद्यापीठातल्या अंध प्राध्यापकाला शिष्य मिळतीलच असे नाही, आणि नोकरी भक्तीवर चालूही नये.

याच जिल्ह्यात डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ साली कुष्ठरुग्णांसाठी तपोवन उभे केले. तीन वर्षांनी वरोऱ्याजवळ बाबा आमट्यांचे आनंदवन सुरू झाले. दोघांनीही भिकेऐवजी काम दिले आणि बोटे झडलेल्या हातांनाही उद्योग करता येतो हे दाखवले. ते मोठेच कार्य होते. तरी ती वेगळी वसवलेली गावे होती, कारण मूळ गाव या माणसांना सामावून घ्यायला तयार नव्हते. आजचा कायदा पुढची मागणी करतो. वेगळे गाव नको, त्याच कार्यालयात, त्याच मजल्यावर, त्याच पदावर जागा करा.

कायदा नेमके काय म्हणतो

ही कल्पना कायद्यात रुजली ती प्रामुख्याने अमेरिकेत. तिथल्या १९७३ च्या पुनर्वसन कायद्यातील कलम ५०४ ने सरकारी पैसा घेणाऱ्या संस्थांना अपंगत्वावरून भेदभाव करण्यास मनाई केली. त्या कलमाचे नियम सरकार काढीना, तेव्हा १९७७ साली अपंग कार्यकर्त्यांनी सॅन फ्रान्सिस्कोतील सरकारी कार्यालयात तीन आठवड्यांहून अधिक काळ ठिय्या दिला आणि नियम निघाले. २००६ साली संयुक्त राष्ट्रांनी अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करार स्वीकारला. भारताने २००७ साली त्याला मान्यता दिली आणि त्यातून आपला २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा आला. १९ एप्रिल २०१७ पासून तो लागू आहे.

या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार एकवीस केले. नोकरीतले आरक्षण १९९५ च्या कायद्यात तीन टक्के होते, ते चार टक्के झाले. चर्चा बहुतेक याच आकड्याची होते. पण आरक्षण माणसाला दारातून आत आणते. आत आल्यावर त्याने काम कसे करायचे, याचे उत्तर दुसऱ्या कलमांत आहे.

वाजवी सोय म्हणजे विशिष्ट व्यक्तीला इतरांच्या बरोबरीने आपले हक्क वापरता यावेत म्हणून केलेला आवश्यक आणि योग्य बदल. त्याला एक मर्यादा आहे. त्या बदलाचा संस्थेवर अवाजवी बोजा पडता कामा नये. कायद्याने भेदभावाच्या व्याख्येतच 'वाजवी सोय नाकारणे' घातले आहे. म्हणजे सोय न देणे हा केवळ अनुदारपणा नव्हे, तो भेदभाव आहे. कलम २० नुसार प्रत्येक शासकीय आस्थापनेने ही सोय पुरवली पाहिजे. 'शासकीय आस्थापना' या शब्दांत राज्याच्या कायद्याने स्थापन झालेली विद्यापीठे येतात, तशीच शासनाचे अनुदान घेणारी महाविद्यालयेही येतात.

त्याच कलमात आणखी दोन गोष्टी आहेत. केवळ अपंगत्वाच्या कारणावरून पदोन्नती नाकारता येत नाही. आणि नोकरीत असताना अपंगत्व आले तर माणसाला काढता किंवा खालच्या पदावर ढकलता येत नाही. समजा, एखाद्या कृषी विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावरील कायम मजुराचा हात मळणीयंत्रात गेला, किंवा विद्यापीठाच्या वाहनचालकाची दृष्टी मधुमेहाने अधू झाली. पूर्वीचे काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीतले दुसरे पद द्यायचे. तसे पद रिकामे नसेल तर ते मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत त्याला अधिसंख्य पदावर ठेवायचे. १९९५ च्या कायद्यातही हे संरक्षण होते. सेवेत असताना पाय गमावलेल्या एका शिपायाला, कुणाल सिंग यांना, सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली ते मिळवून दिले. तरीही अपघात झाला की कार्यालयात पहिला सल्ला ऐच्छिक निवृत्तीचाच मिळतो. घरचेही तोच देतात. अर्जावर सही करण्याआधी हे कलम वाचलेले असले तर एका कुटुंबाचा पगार वाचू शकतो.

चाळीस टक्क्यांचा गैरसमज

आपल्याकडे अपंगत्व म्हणजे प्रमाणपत्रावरचा टक्का, अशी समजूत घट्ट आहे. आरक्षणासाठी किमान चाळीस टक्के लागतात हे खरे. वाजवी सोयीसाठी मात्र तशी अट नाही. ११ फेब्रुवारी २०२१ रोजी विकास कुमार यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले. लिहिताना हात आखडणाऱ्या या उमेदवाराला टक्का भरत नाही म्हणून लेखनिक नाकारण्यात आला होता. न्यायालयाने सांगितले की चाळीस टक्क्यांची अट आरक्षणासारख्या विशिष्ट लाभांसाठी आहे. वाजवी सोय हा प्रत्येक अपंग व्यक्तीचा हक्क आहे.

मेळघाटच्या दृष्टीने हा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. एकवीस प्रकारांत सिकलसेलचा समावेश आहे, आणि विदर्भातल्या आदिवासींत आणि इतर काही समाजांत हा आजार आढळतो. पण नोकरीतल्या चार टक्के आरक्षणाच्या यादीत रक्ताचे आजार स्वतंत्रपणे नाहीत. म्हणजे सेमाडोहसारख्या गावातून शिकून पुढे आलेला सिकलसेलग्रस्त तरुण विद्यापीठात लिपिक झाला, तर त्या आजारामुळे त्याला आरक्षण मिळणार नाही, पण वाजवी सोय मिळायलाच हवी. त्याची सोय काय? शरीरातले पाणी कमी झाले, फार थंडी बाधली किंवा अतिश्रम झाले की सिकलसेलच्या वेदनांचा झटका येऊ शकतो. म्हणून जवळ पिण्याचे पाणी, डिसेंबरच्या पहाटे चिखलदऱ्याच्या परीक्षा केंद्रावर पाठवण्याऐवजी शहरातले काम, आणि झटका आला तर आधी मंजुरीचा आग्रह न धरता रजा. यात एक रुपयाचेही बांधकाम नाही. पण त्याचे अपंगत्व डोळ्यांना दिसत नाही. त्यामुळे सोय झाली नाही तर 'हा सारखा दांड्या मारतो' असा शेरा पडतो. मानसिक आजार असलेल्या कर्मचाऱ्याचीही हीच गत होते.

फाईल वाचता येते का?

परतवाड्याजवळच्या वझ्झरला शंकरबाबा पापळकरांनी अनाथ, अपंग मुलांचे घर वसवले. २०२४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांनी आपले नाव देऊन वाढवलेली एक अंध मुलगी त्याच वर्षी राज्य लोकसेवा आयोगाची लिपिक-टंकलेखक परीक्षा उत्तीर्ण झाली. साऱ्या जिल्ह्याला आनंद झाला आणि वर्तमानपत्रांत फोटो आले. पण अशा कोणत्याही उमेदवाराची खरी कसोटी रुजू होण्याच्या दुसऱ्या दिवशी, टेबलावर फाईल आल्यावर सुरू होते.

अंध कर्मचारी संगणकावर काम करतात ते पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या प्रणालीच्या मदतीने. 'एनव्हीडीए' ही अशी प्रणाली ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या अंध तरुणाने २००६ साली सुरू केली. ती विनामूल्य आहे आणि मराठीही वाचते. अट एकच, मजकूर युनिकोडमध्ये हवा. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमधले अक्षर डोळ्यांना 'क' दिसते, पण संगणकाच्या लेखी ती भलतीच रोमन खूण असते. त्यामुळे ही प्रणाली परिपत्रकाऐवजी अर्थहीन अक्षरे बडबडते. परिपत्रक छापून, शिक्का मारून, त्याचे छायाचित्र काढून व्हॉट्सॲपवर टाकले तर ती गप्पच बसते, कारण तिच्या दृष्टीने तिथे मजकूर नाहीच, फक्त चित्र आहे.

म्हणजे अंध लिपिकाला 'वाचता येत नाही' हे अर्धसत्य आहे. आपण त्याला वाचता येणार नाही अशा रीतीने लिहितो, हे उरलेले अर्धे. विद्यापीठाने सर्व टंकलेखन युनिकोडमध्ये करायचे आणि शिक्का मारलेल्या प्रतीसोबत मूळ फाईलही पाठवायची एवढे ठरवले तरी एक माणूस दिवसभर रिकामा बसण्याऐवजी दिवसभर काम करेल. साहित्याच्या वाचकांनाही हा प्रश्न दूरचा नाही. मराठीतले कितीतरी अंक आणि पुस्तके जुन्या फॉन्टमध्ये जुळवलेली आहेत. त्यांची फाईल हाती आली तरी अंध वाचकाला ती बंदच राहते.

सुगम्यता आणि सोय

इथे दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. उतार, लिफ्ट, रुंद दारे, युनिकोडमधली परिपत्रके या सगळ्यांसाठी, आधीपासून करून ठेवायच्या गोष्टी आहेत. त्यांना सुगम्यता म्हणतात. त्या असूनही एखाद्याची विशिष्ट गरज उरली, तर ती त्याच्याशी बोलून भागवायची, ती वाजवी सोय. राजीव रतुरी यांच्या प्रकरणात ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा फरक नीट मांडला आणि सुगम्यतेचे किमान निकष बंधनकारक असले पाहिजेत असे बजावले. सुगम्यता जितकी कमी, तितकी माणसाला वैयक्तिक सोय मागत फिरावे लागते. प्रत्येक मागणीत थोडा स्वाभिमान खर्च होतो.

सुगम्यतेच्या नावाखाली होणारी कामेही तपासून पाहावीत. चाकाच्या खुर्चीसाठीच्या उताराचे प्रमाण एकास बारा असते. वऱ्हाडात जोते दोन फूट असेल तर उतार चोवीस फूट लांब हवा. आपल्याकडे तो सहासात फुटांत उरकतात. त्यावरून स्कूटर चढते, खुर्ची चढत नाही. कागदोपत्री मात्र 'रॅम्प आहे' अशी नोंद होते. नसीमा हुरजूक यांचे 'चाकाची खुर्ची' हे आत्मकथन अनेक मराठी वाचकांच्या संग्रही असेल. त्यांनी कोल्हापुरात केंद्रीय अबकारी खात्यात चाकाच्या खुर्चीवरून नोकरी केली, आणि पुढे अपंगांसाठी संस्था उभारली. खुर्चीवरून नोकरी करता येते, हे आता कोणाला नव्याने सिद्ध करून दाखवायची गरज नाही. प्रश्न दाराच्या रुंदीचा आणि उताराच्या लांबीचा आहे.

आक्षेप

पहिला आक्षेप खर्चाचा. पण विद्यापीठातल्या बहुतेक सोयींना पैसा लागत नाही. तिसऱ्या मजल्यावरचा तास तळमजल्यावर घेणे, बैठकीची विषयपत्रिका कर्णबधिर सदस्याला आधी लेखी देणे, अल्पदृष्टी परीक्षकाला उत्तरपत्रिका दिवसाउजेडी तपासू देणे, यासाठी निविदा काढावी लागत नाही. सांकेतिक भाषेचा दुभाषी, लिफ्ट, वाचक-लेखनिक यांना खर्च आहे. अवाजवी बोजाची मर्यादा त्यासाठीच आहे. पण बोजा आहे हे संस्थेने दाखवून द्यायचे असते, नुसते म्हणून चालत नाही.

दुसरा आक्षेप खोट्या प्रमाणपत्रांचा. २०२४ साली महाराष्ट्रातील एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याचे प्रकरण गाजले, तेव्हापासून प्रत्येक अपंग कर्मचाऱ्याकडे संशयाने पाहिले जाऊ लागले. लबाडी शोधलीच पाहिजे. पण त्यासाठी प्रमाणपत्र देणारी यंत्रणा तपासा. सेमाडोहहून शंभरेक किलोमीटर प्रवास करून अमरावतीच्या जिल्हा रुग्णालयात प्रमाणपत्रासाठी येणाऱ्या माणसाला या प्रवासातच लबाडीपेक्षा मोठी शिक्षा झालेली असते.

तिसरी अडचण आक्षेपाच्या रूपात कोणी बोलून दाखवत नाही, पण तीच सर्वांत खोल आहे. आज महाविद्यालयांतले कितीतरी अध्यापन तासिका तत्त्वावर चालते. तिथला शिक्षक सोय मागायला कचरतो, कारण पुढच्या जूनमध्ये त्याला बोलावलेच नाही तर कारण सांगायला कोणी बांधील नसते. कायदा त्यालाही भेदभावापासून संरक्षण देतो, पण भेदभाव सिद्ध करायला आधी हातात नेमणूक असावी लागते.

मागायचे कसे

कायद्याने मार्ग आखून दिला आहे. प्रत्येक आस्थापनेने समान संधी धोरण जाहीर करायचे आहे. शासकीय आस्थापनेने तक्रार निवारण अधिकारी नेमायचा आहे. त्याने तक्रारींची नोंदवही ठेवायची आणि तक्रार नोंदल्यापासून दोन आठवड्यांत चौकशी करायची. समाधान झाले नाही तर जिल्हास्तरीय समिती आहे, आणि त्यापुढे पुण्यात राज्याचे दिव्यांग आयुक्त. आयुक्तांना साक्षीदार बोलावणे, कागदपत्रे मागवणे अशा बाबतींत दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत. राज्यात २०२२ साली स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभागही स्थापन झाला.

अर्ज साधा असावा. आजाराचा इतिहास लिहीत बसू नये. माझे काम कोणते, त्यात अडथळा कोणता, आणि काय केले म्हणजे तो दूर होईल, एवढ्या तीन गोष्टी कुलसचिवांना किंवा प्राचार्यांना लेखी द्याव्यात आणि पोच घ्यावी. तोंडी मिळालेली सोय साहेब बदलले की जाते. लेखी मिळालेली राहते.

अमरावती विद्यापीठ १ मे १९८३ रोजी स्थापन झाले आणि पुढे त्याला संत गाडगेबाबांचे नाव मिळाले. बाबांची दशसूत्री प्रसिद्ध आहे. तीत अंध, पंगू आणि रोगी यांच्यासाठी औषधोपचार सांगितला आहे आणि बेकारांसाठी रोजगार. नोकरी करू पाहणारा अपंग माणूस या दोन्ही सूत्रांत बसतो. समाज मात्र त्याला पहिल्याच सूत्रात ठेवतो आणि दुसऱ्यातून वगळतो. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात अपंग व्यक्ती २९ लाखांहून अधिक होत्या. त्यांच्यासाठी शब्द बदलून झाला, 'अपंग'चे 'दिव्यांग' झाले. जिन्याची पायरी होती तिथेच आहे.

जिल्ह्यात आणखी एक संधी चालून आली आहे. महानुभावांच्या रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले आहे. २०२४ मध्ये त्याच्या पहिल्या कुलगुरूंची नेमणूक झाली. जुन्या इमारतीला उतार जोडणे महाग पडते, नव्या इमारतीच्या नकाशात तो आखणे स्वस्त असते. ग्रंथालयाची सूची पहिल्या दिवसापासून युनिकोडमध्ये ठेवणे तर त्याहून सोपे. मराठीचे विद्यापीठ अंध मराठी अभ्यासकाला वाचता आले, तर नावाला शोभेल.

आता पुन्हा सेमाडोह. त्या सहायक प्राध्यापकांना जंगलातली दहा किलोमीटरची पायवाट चालता येणार नाही, हे खरे आहे. पण जिप्सी जाते तिथवर त्यांना जाता येते. मुक्कामासाठी पायऱ्या नसलेली खोली आधी राखून ठेवता येते. मुले दोन गटांत पायवाटेने जातील, नमुन्यांची छायाचित्रे आणि नोंदी घेऊन परततील, आणि सिपनेच्या काठी सर प्रत्येक नोंदीवर प्रश्न विचारतील. सहलीचे प्रमुख म्हणून कागदावर त्यांचेच नाव राहील. त्यासाठी सहलीचा बेत ठरवण्याच्या बैठकीत कोणीतरी 'राहू द्या ना सर' म्हणण्याऐवजी 'सर, तुम्हाला काय लागेल?' एवढे विचारायला हवे.